मेंदूस्नेही अभ्यास : शास्त्र किती, जाहिरात किती?

‘मेंदूस्नेही अभ्यासतंत्र’ हा शब्द आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे. मेंदूचे रंगीत चित्र काढून त्याखाली चार सूचना छापल्या की त्या आपोआप शास्त्रीय वाटू लागतात. त्यांतल्या काही पक्क्या आहेत, काही निराधार. शिक्षकाने त्या पाखडून घ्यायला हव्यात.

डावा मेंदू गणिताचा आणि उजवा कलेचा, ही समजूत घ्या. मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या कामावरील संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांनी तपासलेल्या रुग्णांचा अर्धगोल जोडणारा तंतूंचा पट्टा फेफऱ्यावरील उपचार म्हणून कापलेला होता. आपल्या वर्गातल्या मुलांचा तो शाबूत असतो! ‘हा पाहून शिकणारा, तो ऐकून शिकणारा’ या वाटणीचेही तेच. हॅरोल्ड पॅश्लर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले. अशा वाटणीनुसार शिकवावे, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही.

मग पक्के काय? रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पारडे फिरले. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ५६. आठवण्याचा प्रयत्न हाच अभ्यास असतो, आणि पुन्हापुन्हा वाचून येणारी ‘मला येते’ ही भावना फसवी असते.

आपल्या परवच्यात यातले अर्धे शहाणपण होते. रोज संध्याकाळी, न पाहता म्हणायचे. उणीव एवढीच, की क्रम ठरलेला. म्हणून ‘बारा साते किती’ विचारले की मूल ‘बारा एके बारा’पासून सुरुवात करते.

या पत्रकांवर माझा खरा आक्षेप वेगळा आहे. मुलाला धडा समजला आहे, हे ती गृहीतच धरतात. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी-जामणी भागातल्या कोलाम पोडांवर घरची भाषा कोलामी असते. ती द्राविडी कुळातली, पुस्तक मराठीत. आपले मन एका वेळी चारएक नव्या गोष्टीच धरून ठेवू शकते. त्या चारही जागा अनोळखी शब्दांनीच अडवल्या, तर कल्पनेला जागा उरत नाही. असे मूल पुस्तक मिटून धडा घडाघडा म्हणेलही, पण तो नुसता ध्वनी असेल. त्याला स्मरणतंत्र शिकवणे म्हणजे रिकाम्या पोत्याचे तोंड घट्ट बांधणे.

याच मुलाला पऱ्हाटी मात्र पाठ असते. सध्याच्या संकरित कपाशीचे फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग गळते आणि बोंड वाढू लागते. हे त्याने शेतात पाहिलेले असते. ‘परागीभवन’ फळ्यावर येण्याआधी त्याला हे त्याच्या शब्दांत, हवे तर कोलामीत, सांगू द्यावे. वर्गातला मोठा मुलगा दुभाषाचे काम करू शकतो. नवा शब्द त्यानंतर द्यावा, एकच. मग तीन दिवसांनी गुलाबी फूल हातात देऊन, पुस्तक मिटलेले ठेवून विचारावे : काल हे कसे होते, आणि आता याच्या आत काय चालले आहे?