‘बलुतं’नंतर आपण

बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकातल्या पाठ्यपुस्तकांच्या गर्दीतही दया पवारांचे ‘बलुतं’ विचारणारा वाचक भेटतो. हे आत्मकथन १९७८ साली आले. त्यात दगडू आणि दया पवार, एकाच माणसाचे दोन तुकडे, समोरासमोर बसतात आणि कावाखान्यातले जिणे झाकून न ठेवता सांगतात. पुढे ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘उचल्या’ (१९८७) आली. नक्कल यातली एकही नाही. या लेखकांनी उचलली ती हिंमत.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त आपल्या वाचकाने जरा थांबावे. आजी संतामायसोबत राहणारा, पोराला जीव लावणारा दादा म्हणजे महमूद दस्तगीर जमादार. मराठी कथा-कादंबऱ्यांतल्या ठरीव मुसलमानापेक्षा हा हमाल कितीतरी खरा. पण तो लिहिला लिंबाळ्यांनी. जमादारांच्या घरातून, दखनी बोलीतून तो आलेला नाही.

मेहरुन्निसा दलवाईंचे ‘मी भरून पावले आहे’ आपल्याकडचे मोलाचे पुस्तक. तेही आपण वाचतो हमीदभाईंसाठी! उर्दूत वाढलेल्या मुलीचे मराठी संसारात रुळणे बाजूलाच राहते.

घरातले चव्हाट्यावर आणले म्हणून ‘बलुतं’वर दलित समाजातलेही काही जण रागावले होते. आपल्याला आणखी एक धास्ती असते, लिहिलेले उद्या आपल्याच विरुद्ध वापरले जाईल ही. धास्ती खोटी नाही. पण तिच्यापायी जमादारांच्या घरची चूल, उधारी, बायकांची भांडणे अजून कागदावर यायची आहेत.