कोणताही ड्रॉप चालतो, पण कोणत्या कानात?

तुमच्याही घरी फ्रिजच्या दारात कानात टाकायच्या औषधाची एखादी अर्धवट बाटली असेल. आमच्या कळंब तालुक्यातल्या घरी होती. मागच्या श्रावणात आत्याचा कान ठणकायला लागला तेव्हा तीच निघाली. संपल्यावर रिकामं खोकं दाखवून मेडिकलवरून तसलंच दुसरं आणलं. ठणका कमी झाला, पण खाज वाढली आणि कानाला दडा बसला. अडीच आठवड्यांनी आत्याला धाराशिवला नेलं. कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं, काळे ठिपके असलेलं काहीतरी ओढून बाहेर काढलं. बुरशी होती. "इतके दिवस तिला खतपाणी घालत होतात," एवढंच म्हणाले.

परत येताना एसटीत मी फोनवर एक निबंध पुन्हा उघडला. त्याच्याच भरवशावर मी आत्याला सुरुवातीला "टाक गं, काही होत नाही" असं म्हटलं होतं. म्हणून आज त्याच्याबद्दल.

हा कॉक्रनचा २०१० चा आढावा आहे. कौशिक, मलिक आणि सईद या तिघांनी केलेला. कानाच्या बाहेरच्या नळीला, म्हणजे पडद्याच्या अलीकडच्या भागाला, अचानक संसर्ग झाला तर कशाने बरं वाटतं, हा त्याचा प्रश्न. जगभरातल्या चाचण्या गोळा करून, चाळून, एकत्र वाचायच्या ही कॉक्रनची पद्धत. इथे १९ चाचण्या आणि ३,३८२ रुग्ण आहेत. निघालेलं उत्तर थोडक्यात असं: साध्या संसर्गाला नुसते थेंब पुरतात. थेंबाथेंबांत निवडण्यासारखं फारसं नाही. फक्त ॲसिटिक ॲसिडचे थेंब (व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल) पहिल्या आठवड्यात बरोबरीने चालतात आणि उपचार त्यापुढे लांबला तर अँटिबायोटिक-स्टेरॉइडच्या मिश्रणापेक्षा मागे पडतात. किमान एक आठवडा टाका. त्रास उरलाच तर जाईपर्यंत, पण फार तर आणखी सात दिवस.

हे उत्तर मला आवडतं, आणि टीका करायच्या आधी ते सांगायला हवं. आपल्याकडे कान दुखला की गोळ्या आणि एक इंजेक्शन हे ठरलेलं. त्याच्यापुढे "थेंब पुरतात" हे ठामपणे म्हणणारा कागद मोलाचा आहे.

पण आता त्याच आढाव्यात थोडं आत शिरा. १९ पैकी फक्त दोन चाचण्या प्राथमिक सेवेतल्या, बाकी १७ तज्ज्ञांकडच्या आणि रुग्णालयातल्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त चाचण्यांत कान साफ करणं हा उपचाराचाच भाग होता. म्हणजे पहिला थेंब पडायच्या आधी कुणीतरी कानात उजेड टाकून बघितलं होतं, पू आणि मळ काढला होता. चाचण्यांचा एकूण दर्जा कमी आहे, हे लेखक स्वतःच मान्य करतात. प्राथमिक सेवेतली एक चाचणी नेदरलँड्सची, २००३ मध्ये बीएमजेत आलेली, २१३ प्रौढ रुग्णांची. तिथे त्रास राहण्याचा मध्यक ॲसिटिक ॲसिडला ८ दिवस, त्यात स्टेरॉइड घातल्यावर ७ आणि स्टेरॉइड-अँटिबायोटिकला ६ दिवस. फरक खरोखरच लहान आहे. पण ते रुग्ण फॅमिली डॉक्टरांकडून आलेले होते, मेडिकलच्या काउंटरवरून नाही.

माझा आक्षेप त्या "साध्या" या शब्दाला आहे. निष्कर्षात तो असा येतो की जणू संसर्ग जन्मतःच साधा किंवा अवघड असतो. प्रत्यक्षात तो कुणीतरी ठरवलेला असतो, कानात बघून आणि चार प्रश्न विचारून. चाचणीत हे काम आधीच उरकलेलं असतं, म्हणून निबंधात ते दिसत नाही. आपल्याकडे खोक्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं, आणि विकलं जातं. मग ते काम कुणीच करत नाही.

आत्याच्या बाबतीत "साधं" नव्हतं ते बुरशीमुळे. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, स्टेरॉइड सूज आणि प्रतिकार दोन्ही दाबतं, आणि बुरशीला ओली, उबदार, मोकळी जागा मिळते. बुरशीच्या थेंबांवर कॉक्रनचाच २०२१ चा वेगळा आढावा आहे. त्यात अवघे ४ अभ्यास, ५५९ रुग्ण, स्पेन, मेक्सिको आणि भारतातले. ॲझोल गटातलं एक औषध दुसऱ्याशी ताडून बघितलंय, पण औषध विरुद्ध नुसते बिनऔषधी थेंब अशी एकही चाचणी नाही. दमट हवेचा हा आजार इतका नेहमीचा, आणि पुरावा इतका तुटपुंजा. ही पोकळी आपल्याकडे बाजाराने भरलीय: बुरशीचं औषध, अँटिबायोटिक, स्टेरॉइड आणि बधिर करणारं लिग्नोकेन, चौघं एकाच बाटलीत. काहीही असो, एक तरी लागेल, असा हिशोब. लिग्नोकेनने ठणका थांबतो आणि लगदा आत तसाच राहतो.

मला जास्त काळजी वाटते ती पडद्याची. "लहानपणी कान फुटला होता" असं सांगणारं माणूस आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. पडद्याला भोक असेल तर थेंब बाहेरच्या नळीत थांबत नाहीत, मधल्या कानात उतरतात आणि तिथून आतल्या कानापर्यंत पोचू शकतात. जेंटामायसिन, निओमायसिन, टोब्रामायसिन ही कुटुंबातली भावंडं आतल्या कानाच्या पेशींना घातक ठरू शकतात, आणि त्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ ची मार्गदर्शिका म्हणते की भोक आहे किंवा असल्याचा संशय आहे, तर आतल्या कानाला इजा न करणारेच थेंब द्या (सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिनसारखे). संशय कसा घ्यायचा? दोन खुणा घरीही कळतात. थेंब टाकल्यावर घशात त्याची चव आली, किंवा नाक दाबून फुंकल्यावर कानातून हवा सुटली, तर भोक आहे असं धरून थेंब थांबवायचे आणि डॉक्टरांना सांगायचं.

मधुमेह असलेल्यांचं वेगळं. चँडलर यांनी १९६८ मध्ये वर्णन केलेला, नळीतून कवटीच्या हाडात शिरणारा संसर्ग बहुतेक वयस्कर मधुमेहींना होतो. रात्री झोपू न देणारा ठणका आणि मधुमेह एकत्र असतील तर थेंबांवर विसंबून दिवस घालवायचे नाहीत.

बरं, औषध योग्य मिळालं तरी ते आत जातं का? त्याच मार्गदर्शिकेतला आकडा असा की स्वतःच्या हाताने टाकणाऱ्यांपैकी पहिल्या तीन दिवसांत जेमतेम ४० टक्के लोक नीट टाकतात. दुसऱ्याने टाकले तर चित्र सुधारतं. आत्या उभ्या उभ्या, मान तिरकी करून दोन थेंब सोडायची आणि लगेच कापूस कोंबायची, म्हणजे औषध कापसाला. करायचं असं: बाटली दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करायची, कुशीवर झोपायचं, पाळी वर आणि मागे ओढायची (अगदी लहान मुलांची खाली आणि मागे), थेंब कडेने सोडायचे, कानाच्या तोंडाशी असलेली कुर्ची हलकेच दाबत राहायची आणि तीन ते पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. टोक कानाला लावायचं नाही. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, विहिरीत उडी बंद, आणि कानात काडी, हेअरपिन, लसणाचं तेल काहीही नाही. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर कान दाखवायचा.

कोमट का, याला मजेशीर उत्तर आहे. कानात गार पाणी गेल्यावर रुग्णांना गरगरतं हे व्हिएन्नात रॉबर्ट बाराणींनी नेमकं टिपलं, त्यातून तोल सांभाळणाऱ्या अवयवाची तपासणी निघाली आणि त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. फ्रिजमधले थेंब थेट टाकलेत तर तो प्रयोग घरच्या घरी होतो.

यातलं काहीही आत्याच्या खोक्यातल्या चिटोऱ्यावर तिला वाचता येईल असं नव्हतं. आत्या रोज पोथी वाचते, पण चिटोरं इंग्रजीत होतं आणि अक्षर मुंगीएवढं. त्यामुळे मी कॉक्रनला दोष देते तेव्हा तो अर्धाच त्यांचा आहे. त्यांनी बघितलेल्या कानांबद्दल खरं सांगितलं. न बघितलेल्या कानात थेंब टाकणाऱ्यांसाठी काय खरं आहे, याची चाचणी करायची तर ती आपल्यासारख्याच जिल्ह्यात, मेडिकलच्या काउंटरपासून सुरू करावी लागेल.

आत्याची दुसरी बाटली आम्ही टाकून दिली. पहिली कुणाची होती, कधी उघडली होती, हे घरात कुणालाच आठवत नाही.