अनामिकेचा असहकार

हॅनन नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८७३ साली पियानोवाल्यांसाठी ६० बोटकसरतींचे पुस्तक काढले. दर्यापुरात पियानो कुठला? मी ते पेटीवर चालवतो. डावा हात भात्याला जुंपलेला, म्हणजे निम्मे पुस्तक तिथेच माफ! उरलेल्या निम्म्याबद्दल माझी तक्रार अशी, की पाचही बोटे सारख्या जोराची करून देतो म्हणतो हा माणूस. अहो, अनामिकेची दोरी शेजारच्या बोटांच्या दोऱ्यांना आतून बांधलेली. ती एकटी उठेल कशी? आणि बोटे लाकडी होतात त्या दिवसांवर तर पुस्तकात अवाक्षर नाही. अशा दिवशी कसरत बंद ठेवून निम्म्या लयीत भूप वाजवावा. पाचच स्वर, अडखळायला जागा कमी. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारतातच, “आज बोटं रुसली काय जी?”