पाहुणी पेटी, घरचा सूर

वाद्याचे देशीपण त्याच्या जन्मस्थानावरून ठरवावे की ते कोणते गाणे पेलते यावरून, हा वाद आपल्या संगीतविचारात दीर्घकाळ चालत आला आहे. या वादात सर्वाधिक भरडली गेली ती संवादिनी, म्हणजे आपली पेटी. साथीचे वाद्य म्हणून तिला आज मान आहे. परंतु एकल संवादिनीवादनाकडे रसिक अजूनही कौतुकमिश्रित अविश्वासाने पाहतात. ‘पेटी अगदी गायल्यासारखी वाजली’ हा त्या वादनाचा सर्वोच्च गौरव समजला जातो. हा गौरवच पेटीला दुय्यम ठेवतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पॅरिसच्या आलेक्सांद्र देबँ यांनी 1842 मध्ये हार्मोनियमचे एकस्व घेतले. ते वाद्य पायाने भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवावयाचे होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हातभात्याचे, बैठकीत मावणारे रूप दिले. आपल्या नाटकमंडळ्यांनी पायपेटी व ऑर्गन रंगभूमीवर आणले आणि हातपेटी कीर्तनात, भजनात, दिवाणखान्यात रुळली. मात्र 1940 मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. पेटीचे स्वर कायमचे बांधलेले असतात, सप्तकाचे बारा समान भाग आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत आणि तिच्यावर मींड निघत नाही, हे तिच्यावरील मुख्य आक्षेप होते. 1971 मध्ये ही बंदी सैल झाली ती साथीपुरती. एकल वादनाला तेव्हाही दार उघडले नाही.

हे आक्षेप खोटे नाहीत. प्रश्न असा की श्रेष्ठ वादकांनी या उणिवांचे केले काय?

गोविंदराव टेंबे (1881–1955) यांच्यापासून या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाचा सहवास लाभलेले आणि 1911 च्या ‘मानापमान’ला चाली देणारे टेंबे मुळात रचनाकार होते. त्यांच्या परंपरेत पेटी गाण्याचा विचार मांडते. पी. मधुकर (1916–1967) यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या वादनात बोटांची चपळाई आहेच. पण तिच्याहून मोलाची आहे ती स्वर सोडण्याची कला. एक पट्टी पूर्ण उठण्याआधी दुसरी दाबली जाते, मध्ये निसटता कणस्वर येतो, भात्याचा दाब किंचित कमीअधिक होतो आणि नसलेली मींड ऐकणाऱ्याच्या कानात पुरी होते. त्याच वेळी द्रुत तानेत प्रत्येक स्वर मोत्यासारखा सुटा, टणक आणि स्पष्ट ऐकू येतो. ही स्पष्टता पेटीची स्वतःची आहे. कंठाला ती सहजी साधत नाही. गोव्यातील बोरी गावचे तुळशीदास बोरकर (1934–2018) हे मधुकरांचे शिष्य. त्यांनी हा वारसा आपल्या काळापर्यंत आणला. जालन्याचे अप्पा जळगावकर (1922–2009) हे साथीचे चक्रवर्ती. पण त्यांच्या साथीतील दोन ओळींमधल्या मोकळ्या जागा लक्षपूर्वक ऐकाव्यात. गायक थांबतो तेथे पेटी त्याची नुसती नक्कल करीत नाही, ती त्याला उत्तर देते.

पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, ब्राझीलमध्ये, असाच पेच पियानोपुढे उभा राहिला होता. तेथेही वाद्य युरोपचे होते, पट्ट्या बांधलेल्या होत्या आणि गाणे मात्र रस्त्यावरचे, गिटार-बासरीच्या मेळातले होते. एर्नेस्तो नाझारे (1863–1934) यांनी त्या मेळाची लय पियानोच्या डाव्या हातात उतरविली. एतोर व्हिला-लोबोस (1887–1959) यांनी 1918 मध्ये बाळाच्या आठ बाहुल्यांवर आठ लहान रचनांची माला बांधली. तिचे सूर तेथल्या मुलांच्या गाण्यांतले आहेत. 1922 मध्ये आर्थर रुबिनस्टाइन यांनी ती रिओत वाजविली. तिच्यातील विदूषकाच्या बाहुलीवरील रचनेत एक हात पांढऱ्या पट्ट्यांवर आणि दुसरा काळ्या पट्ट्यांवर आळीपाळीने आदळत राहतो. ही कल्पना पियानोवरच सुचावी अशी आहे. कामार्गो ग्वार्निएरी यांनी 1931 ते 1959 या काळात पन्नास ‘पोन्तेयो’ लिहिले. हे नाव गिटारच्या तारा छेडण्यावरून आले आहे. तेथेही अनुकरण आहेच. परंतु ते पियानोच्या स्वभावातून, त्याच्या आघाताच्या बळावर केलेले आहे.

या रचना वाजवणाऱ्यापुढे वेगळी अडचण असते. स्वरलिपी हाती असते, पण त्या लयीचा झोका कागदावर पुरता उतरत नाही. लिहिलेले काटेकोर मोजून वाजविले तर ते कोरडे होते. नेल्सन फ्रेरे (1944–2021) यांच्यासारखा वादक, ज्याच्या कानात तो झोका लहानपणापासून होता, तोच दोन मात्रांमधली ती लवचीक जागा ओळखतो. 2012 मध्ये त्यांनी आपल्या देशाच्या संगीताचे एक संपूर्ण ध्वनिमुद्रण केले, त्यात हे प्रत्ययास येते.

आपली स्थिती याच्या उलट आहे. झोका आपल्या वादकांच्या हातात आहे, पण कागद नाही. ब्राझीलचा वादक गेला तरी रचना उरते. आपला वादक गेला की काही तबकड्या, काही शिष्य आणि पुष्कळशा आठवणी उरतात. रेडिओने एकल पेटी नाकारली, त्या काळात किती वादन मुद्रित न होताच विरून गेले असेल! म्हणून समीक्षकाचे काम येथे अधिक जबाबदारीचे ठरते. ‘गायल्यासारखे’ एवढ्यावर न थांबता वादकाने कोणती पट्टी कशी सोडली, भाता कोठे रोखला, गाण्याला न सुचलेले काय सांगितले, याची शब्दांत नोंद व्हायला हवी. ही भाषा घडली नाही तर पुढच्या पिढीला जुनी तबकडी ऐकू येईल, पण तिच्यात काय ऐकायचे ते कळणार नाही.

मुधोळच्या वाचकाला हा विचार परका वाटू नये. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्याकडे गेला, पण मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे तेलुगू राज्यात राहिली. सीमा सरकली, घरातली मराठी जागच्या जागी राहिली. कोणी कोठून आले यापेक्षा येथे कोणते बोल टिकले, ही कसोटी आपण स्वतःला लावतो. तीच पेटीला लावावी. ती पॅरिसहून आली हे खरे. पण टेंबे-मधुकरांच्या हाताखाली तिने जे सांगितले ते पॅरिसला कधी ठाऊक नव्हते.