भोऽ न करणारी भीती

‘वातावरण जबरदस्त आहे, पण करायचं काय?’ कॉस्मिक हॉरर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भटकंतीच्या व्हिडिओ गेमांबद्दल खेळाडू बोलू लागले की हा प्रश्न हटकून येतो. त्याच खेळाबद्दल दुसरा कुणीतरी सांगत असतो की, खेळ संपून आठवडा झाला तरी ती जागा डोक्यातून जात नाही. एकाला कंटाळा आला, दुसऱ्याला झोप लागली नाही. ही ज्याची त्याची आवड आहे असं म्हणून विषय सोडून देता येतो, पण मतं नीट वाचली तर तक्रारीत आणि कौतुकातही एक शिस्त दिसते. दोघं दोन वेगळे रस शोधत असतात. आपल्या रससिद्धांतात भयानकाचा स्थायीभाव भय आणि अद्भुताचा विस्मय. अमेरिकी लेखक लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याने ज्या प्रकारच्या कथेला आकार दिला, ती या दोन रसांच्या सीमेवर उभी असते. तिथे भूत सूड घ्यायला येत नाही. माणूस या विश्वाच्या खिजगणतीतही नाही, हे हळूहळू कळत जातं, आणि ते कळणं हीच भीती असते. १९३६ साली छापून आलेल्या त्याच्या अंटार्क्टिकावरच्या कादंबरिकेत संशोधक बर्फातल्या ओसाड नगरात हिंडतात, भिंतींवरची कोरीव शिल्पं वाचतात आणि त्या वाचनातूनच हादरत जातात. चालणं, पाहणं आणि उलगडणं हे त्या कथेचं कथानकच आहे. त्यामुळे ‘नुसतं चालायचंच आहे’ ही तक्रार या प्रकारात दोषाचा पुरावा ठरत नाही. चालताना काय कळत जातं, एवढाच प्रश्न विचारायला हवा.

खेळाडूंनी हा प्रश्न स्वतःच विचारला आहे, आणि तोही कृतीतून. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने २०१० मध्ये ‘ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट’ काढला तेव्हा खेळाडूच्या हातून शस्त्र काढून घेतलं. पळायचं, लपायचं, आणि राक्षसाकडे फार वेळ बघायचंही नाही. लोक घाबरले आणि खेळ गाजला. त्याच मंडळींचा २०१५ चा ‘सोमा’ समुद्राच्या तळाशी बांधलेल्या एका संशोधन केंद्रात घडतो. सुरुवातीलाच एक मोडका यंत्रमानव पडलेला भेटतो. तो स्वतःला जखमी माणूस समजतो आणि मदत मागतो. पुढचं दार उघडायला वीज हवी. ती वळवली तर तो किंचाळत राहतो. ते टाळायचं तर त्याला कायमचं बंद करावं लागतं. बटण दाबण्याआधीचे ते काही क्षण आणि नंतर पाठीमागे राहिलेला तो आवाज, यांची आठवण हा खेळ खेळलेले लोक आजही काढतात. मात्र मधूनमधून पाठलाग करणाऱ्या राक्षसांना अनेकजण वैतागले, कारण ते विचारात व्यत्यय आणत होते. मग खेळाडूंपैकीच काहींनी राक्षस निरुपद्रवी करून टाकणारा बदल तयार केला. २०१७ च्या अखेरीस निर्मात्यांनीही तशी सोय अधिकृतपणे दिली. राक्षस समोर येतात, पण मारत नाहीत. भीतीच्या खेळातून मरणाची भीती काढली तरी खेळ कोसळला नाही. पुष्कळांना तो अधिक भिडला. ‘आउटर वाइल्ड्स’च्या २०२१ मधल्या पुरवणी भागातही दचकवणारे प्रसंग सौम्य करण्याचा पर्याय ठेवला गेला आणि त्या खेळाची गूढता जिथल्या तिथे राहिली. माझ्या मते या संपूर्ण वादातला हा सगळ्यात वजनदार पुरावा आहे.

यावर रास्त आक्षेप असा की, ‘वातावरण’ ही कच्च्या खेळासाठी पुढे केलेली ढाल असते. ज्यांना नीट खेळ रचता येत नाही ते धुकं सोडतात, तंबोऱ्यासारखा एक सूर लावून ठेवतात आणि त्याला कला म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. सर्बियातल्या एब सॉफ्टवेअरचा ‘स्कॉर्न’ (२०२२) घ्या. एकही संवाद नाही, एकही लिखित शब्द नाही; हाडं, आतडी आणि यंत्रं एकजीव झालेल्या इमारतींतून नुसतं हिंडायचं. त्यामागे गिगर आणि बेक्शिन्स्की या चित्रकारांची प्रेरणा आहे, आणि दृश्य म्हणून तो थक्क करतो. तरीही खेळाडूंची मतं सरळ दुभंगली. कुणी मारामारी बोजड म्हणालं, कुणी मेल्यावर फार मागून पुन्हा सुरुवात करावी लागते म्हणून चिडलं. माझं निदान जरा वेगळं आहे. ‘स्कॉर्न’मध्ये बीभत्साने अद्भुताला गिळलं. पहिल्या तासात जे पाहून विस्मय वाटतो, तेच तिसऱ्या तासात नुसतं किळसवाणं होतं, कारण मधल्या काळात आपल्याला नवं काही कळलेलं नसतं. याच्या उलट न्यूझीलंडच्या ब्लॅक सॉल्ट गेम्सचा ‘ड्रेज’ (२०२३) बघा. लहानशी होडी, मासे पकडायचे, बंदरात विकायचे. कोळीवाड्यात वाढलेल्या मुलाला शिकवावं लागणार नाही इतकं साधं काम. रात्र झाली की पडद्यावर वरच्या बाजूला एक डोळा उघडतो आणि जागरण वाढत जाईल तसा तो सैरभैर फिरू लागतो. दिवसा जिथे मोकळं पाणी होतं तिथे धुक्यात खडक दिसतो. तो खरा आहे की थकलेल्या मनाचा, हे होडी आपटेपर्यंत कळत नाही. जाळ्यात कधी असा मासा येतो की त्याच्याकडे धड बघवत नाही. पण त्याला भाव जास्त मिळतो, म्हणून आपण तो विकतो. भीती इथे कामातून, लोभातून आणि उशीर झाल्यामुळे येते. ग्राफिक्स साधं आहे, पण जागेवरचा विश्वास पक्का आहे. म्हणजे वातावरण ही ढाल होऊ शकते हे मान्य, पण ते जिथे खेळाच्या नियमांत मुरलेलं असतं तिथे ती ढाल राहत नाही.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’मधल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा पुन्हा वाचून पाहा: अनोळखी प्रदेश, चालत राहणारा माणूस, वाटेवर भेटणाऱ्या खुणा, आणि प्रत्येक खुणेबरोबर थोडं अधिक कळत जाणं, त्याची किंमत मोजत जाणं. भटकंतीच्या खेळाचा याहून चांगला आराखडा कुठल्याही स्टुडिओला सापडणार नाही. नारायण धारपांनी (१९२५–२००८) पुण्यात बसून इंग्रजी भयसाहित्य पचवलं आणि ते मराठी वाड्यांत, माजघरांत, गावाबाहेरच्या बंगल्यांत उतरवलं. पलीकडच्या मितीतून काहीतरी इकडे यायला टपलं आहे, ही त्यांची आवडती कल्पना तर थेट या जातकुळीची. पण धारपांच्या कथांना एक सवय होती, आणि तिने मराठी भयकथेला कायमचं वळण लावलं. त्यांचे तारणहार ‘समर्थ’ येतात, विधी होतो, दार बंद होतं. वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि विश्व पुन्हा माणसाच्या मापाचं होतं. रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) गूढकथेत अशा तारणहाराला फारसं स्थान दिलं नाही, पण त्यांचं भय बहुधा माणसाच्या मनातलं, नात्यांतलं राहिलं. विश्वाच्या अफाटपणाचं भय गद्यात खऱ्या अर्थाने जीएंनीच पेललं, आणि त्यांना कुणी भयकथाकार म्हणत नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. माणूस क्षुद्र आहे आणि विश्वाला त्याची पर्वा नाही, ही कल्पना मुळात आपली नाही, असं म्हटलं जातं. आपल्याकडे कर्म आहे, देव आहे, पितर आहेत. विश्व कितीही मोठं असलं तरी ते आपल्याशी नात्याने बांधलेलं आहे. शिवाय लव्हक्राफ्टच्या भीतीत वंशद्वेष मिसळलेला होता. परक्या वंशाची माणसं आणि परके देव त्याला राक्षसी वाटत. हा वारसा आपण कशाला घ्यायचा? वंशद्वेषाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि त्यावर पुढे येतो. पण परकेपणाचं म्हणणं टिकत नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप बघायला मागतो, आणि बघितल्यावर थरथर कापत, पुन्हा ओळखीचं रूप दाखव अशी विनवणी करतो. समोर प्रत्यक्ष मित्र आणि देव असूनही अफाटपण सोसवत नाही. ज्ञानेश्वरांनी त्या अध्यायाच्या प्रारंभीच शांत आणि अद्भुत या रसांच्या भेटीची सूचना दिली आहे, म्हणजे भयाच्या तळाशी विस्मय असतो हे त्यांना दिसत होतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या पाड्यांत वाघोबाची पूजा होते. बिबट्याची भीती आहे, पण तो शत्रू नाही; त्याच्याबरोबर राहायचं आहे. आपल्यापेक्षा मोठ्या, आपल्याला न विचारता वावरणाऱ्या शक्तीशी असलेलं हे नातं लव्हक्राफ्टपाशी नव्हतं. आपल्यापाशी आहे, आणि त्यातून होणारा खेळ त्याच्या नकलेपेक्षा मोठा होईल.

सिनेमात याची चुणूक एकदा दिसली. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ ला लागला. धारपांच्या ‘आजी’ या कथेचं बीज त्यात आहे, आणि गावाचं नाव पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देतं. न थांबणारा पाऊस, पडका वाडा, विहिरीतून खाली उतरणारी वाट, आणि तळाशी पिठाच्या बाहुलीसाठी झेपावणारी शापित भूक. चित्रपटातली सगळी भीती खाली उतरण्यात आहे: किती खोल, किती वेळा, आणि किती हावरेपणाने. तेव्हा ‘हॉरर म्हणून गेलो, पण घाबरलो नाही’ असं म्हणणारे प्रेक्षक होते आणि तिकीटबारी बेताचीच राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवला. सहा वर्षांत चित्रपटाची एक चौकटही बदललेली नव्हती. बघणाऱ्यांना तोवर कळलं होतं की इथे दचकायला जायचं नसतं. ‘लपाछपी’ने (२०१७) उसाच्या फडाला चक्रव्यूह केलं होतं, तेही याच वाटेवरचं पाऊल. मालिकांमध्ये मात्र वाडा हा पडद्यापुरता उरला आणि भीतीचं काम पार्श्वसंगीतावर सोपवलं गेलं. आणि ‘तुंबाड’ कोकणच्या चिखलात उभा राहूनही हिंदी बोलतो, ही बोच राहतेच.

असा खेळ जिथे घडू शकेल अशा जागा बघायला आता मुंबईच्या उपनगरांकडे या. बोरिवलीला उद्यानाच्या पोटात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. बसाल्टात कोरलेल्या पायऱ्या, जवळजवळ प्रत्येक लेण्याशी पाण्याची पोढी, कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावं सांगणारे ब्राह्मी लेख, इराणातून आलेल्या पारशांनी कोरलेले पहलवी लेख, आणि एक्केचाळिसाव्या लेण्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर. मंडपेश्वरला शैव लेण्याच्या माथ्यावर पोर्तुगीज मठाचे भग्नावशेष. जोगेश्वरीला वस्तीतून पायऱ्या उतरत जमिनीखाली जायचं, पावसाळ्यात भिंती पाझरतात आणि डोक्यावर घरं असतात. अंधेरीला कोंडिविट्याची महाकाली लेणी, भोवती इमारती. थरांवर थर चढलेल्या अशा जागा एका तासाच्या लोकल प्रवासात दुसऱ्या कुठल्या महानगराकडे असतील असं मला वाटत नाही. इथे वंशद्वेषाचा मुद्दा परत येतो. ही आजही श्रद्धेची ठिकाणं आहेत. भिक्षूंना राक्षस करून, परक्याच्या देवाला भीतीचं बुजगावणं करून जो खेळ होईल तो करूच नये. काळाचा अफाटपणा, आपण वाचू शकत नाही अशी लिपी, आपल्या आधी इथे कुणी जगून गेल्याची जाणीव, एवढं पुरेसं आहे.

मग असा खेळ आपल्याकडे का होत नाही? तंत्र नाही हे कारण आता चालत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्येच ‘राजी’ करून दाखवला. खरी अडचण खेळण्याच्या जागेची आहे. आपलं बहुतेक गेमिंग मोबाइलवर, गर्दीत, दोन स्टेशनांच्या मध्ये होतं. या प्रकाराला अंधार, हेडफोन आणि दोन तासांचा एकांत लागतो, आणि घाटकोपर-मुलुंडच्या वन-रूम-किचनमध्ये तो रात्री साडेअकरानंतरच मिळतो. म्हणून निर्माते दचकवण्याचा झटपट धंदा धरतात. पण याच घरांतून तीन पिढ्यांनी धारप-मतकरी वाचले, रात्री, पांघरुणात, वाचनालयाच्या फाटक्या प्रतींतून. ‘ड्रेज’सारखा खेळ लहान पडद्यावर, तुकड्यातुकड्यानेही चालतो. घर लहान आहे म्हणून भीतीही लहान असावी असं काही नाही.

गोरेगाव-अंधेरीत ॲनिमेशन आणि गेम डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. राक्षसाचं मॉडेल बनवायला बसण्याआधी ‘रमलखुणा’ वाचा. मग पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशी कान्हेरीला जा, गटाने जाऊ नका, आणि वरच्या लेण्यांपर्यंत चढून एखाद्या पोढीजवळ तासभर काही न करता बसा. तिथे काय ऐकू येतं ते लिहून आणा. उद्यान सोमवारी बंद असतं. बाकीचे सहा दिवस ते उघडं आहे.