गवत कोणाचे? : ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाचे उपजीविकेच्या दृष्टीने पुनर्वाचन

गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हा ग्रंथ मराठी अभ्यासकांना प्रामुख्याने दोन अंगांनी परिचित आहे. साहित्याचे अध्यापक त्याकडे आत्मकथनपर लेखन म्हणून पाहतात. १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमी पुरस्कारही लाभला. इतिहास व राज्यशास्त्राचे अध्यापक त्याकडे वारली आदिवासींच्या उठावाचे साधन म्हणून पाहतात. शेती, पशुसंवर्धन वा ग्रामीण अर्थशास्त्राच्या वाचनयादीत मात्र तो सहसा आढळत नाही. प्रस्तुत लेखात हा ग्रंथ गवताविषयीचा ग्रंथ म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. ही कल्पना प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. तथापि पालघर जिल्ह्यात आदिवासी कुटुंबांची उपजीविका सुधारण्यासाठी दुभती जनावरे देण्याचा विचार ज्या ज्या वेळी होतो, त्या त्या वेळी न विचारला गेलेला प्रश्न या ग्रंथात ठळकपणे उभा आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते आणि पिंजाळ, देहर्जे, सूर्या, तानसा या नद्यांना पोटात घेत पालघर-वसईच्या सीमेवरील खाडीतून समुद्रास मिळते. या खोऱ्यात पाऊस विपुल पडतो, पण चार महिन्यांत संपतो. भात, नागली, वरई घरात आली की माळरानाची वरकस जमीन पुढील आठ महिने गवताखेरीज फारसे काही देत नाही. नदीचे पाणी मोडकसागर (१९५७), अप्पर वैतरणा (१९७३) आणि मध्य वैतरणा (२०१४) या धरणांतून मुंबईस जाते, हे सर्वज्ञात आहे. गवताचा ओघही पिढ्यान्‌पिढ्या त्याच दिशेने वाहत होता, याची आठवण मात्र क्वचितच ठेवली जाते. मुंबईतील तबेल्यांतील म्हशी ठाणे जिल्ह्याच्या गवतावर पोसल्या जात. कापणारा वारली होता, मालक जमीनदार वा ठेकेदार होता आणि दूध शहराचे होते.

परुळेकरांच्या कथनाला याच व्यवस्थेची पार्श्वभूमी आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद झाली. वेठ आणि लग्नगडी, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोने सावकाराकडे राबत राहण्याची प्रथा, या दोन्ही गोष्टी आदिवासींनी झुगारून दिल्या. सिमिंग्टन यांच्या १९३८ च्या सरकारी अहवालात या पिळवणुकीची नोंद होती. तेवढ्याने वेठ थांबली नव्हती. पावसाळा सरला, गवतकापणीचा हंगाम आला आणि लढ्याला आर्थिक रूप प्राप्त झाले. पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये, ही ती मागणी. त्याच ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

हा लढा नैतिक जागृतीची कथा म्हणून वाचण्याची आपल्याला सवय झाली आहे, आणि ग्रंथाचे शीर्षकही त्या वाचनास अनुकूल आहे. परंतु या जागृतीला एक माप होते, ते पाचशे पौंडांचे. संप यशस्वी होण्याचे कारणही गवताच्या स्वभावातच सापडते. ते ठराविक आठवड्यांत कापावे लागते; उभे राहिले तर वाळून झडते किंवा वणव्यात जाते. मालकाला वाट पाहणे परवडत नाही. दुर्बळाच्या हाती वर्षातून एकदा येणारी ही शक्ती होती. ग्रंथाच्या समीक्षेत तिची पुरेशी दखल घेतलेली आमच्या पाहण्यात नाही.

आता हेच माप आजच्या पशुधन योजनांना लावून पाहू. चारशे किलो वजनाच्या संकरित गाईला दिवसाकाठी सुमारे दहा किलो कोरडा चारा लागतो, असे ढोबळमानाने धरता येईल. आठ कोरड्या महिन्यांचे चोवीसशे किलो होतात. पाचशे पौंड म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो. अर्थात एका गाईसाठी १९४५ च्या मापाने साडेदहा मापे गवत साठवावे लागेल. तेही केवळ पोट भरण्यापुरते, कारण भाताचा पेंढा आणि बी धरल्यानंतर कापलेले गवत यांत प्रथिने अत्यल्प असतात. दूध हवे असेल तर ढेप विकत घ्यावी लागते. ज्या कुटुंबाकडे एक-दीड एकर भात आहे आणि माळ दुसऱ्याचा वा वनखात्याचा आहे, त्याने हे गवत कोठून आणावे?

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाने (१९७८-७९ पासून) हा प्रश्न बाजूस ठेवला. कर्ज आणि अनुदान देऊन दुभते जनावर घेऊन दिले की गरिबी हटेल, अशी त्यामागील धारणा होती. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ नीलकंठ रथ यांनी १९८५ मध्ये या धारणेची जी कठोर चिकित्सा केली, ती आजही वाचनीय आहे. मालमत्ता हाती ठेवणे आणि तिच्यावर जगणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा बोध तीतून होतो. वैतरणा खोऱ्यापुरती त्यात एक भर घालावीशी वाटते. येथील गाय मूलतः दुधासाठी नव्हतीच. डांगी बैल मुसळधार पावसात चिखलणी करतो. शेण राबासाठी लागते. पालापाचोळा, शेण व गवत जाळून रोपांचा वाफा तयार करण्याची ही राबपद्धती येथील भातशेतीचा पाया होती. दूध हा त्या व्यवस्थेतील गौण भाग होता. दुधाचे लिटर मोजणारी योजना नांगरट आणि शेणखत हिशेबातच धरत नाही. साहजिकच देशी गाय तिला ‘अनुत्पादक’ दिसते.

याच्या तुलनेत वाडी कार्यक्रम अधिक विचारपूर्वक आखलेला आहे, हे मान्य करावे लागते. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने दक्षिण गुजरातेतील वांसदा भागात तो प्रथम राबविला व पुढे जव्हार परिसरात आणला. एका एकरात आंबा-काजूची झाडे, कडेने वनझाडांचे कुंपण, मधल्या जागेत नेहमीची पिके असे त्याचे स्वरूप. २००३-०४ मध्ये नाबार्डने आदिवासी विकास निधी स्थापन करून हा नमुना देशभर नेला. गाईच्या संकराचे काम करणारी संस्था आदिवासी भागात गाय बाजूला ठेवून कलमे घेऊन जाते, ही गोष्ट बोलकी आहे. आरंभ जमिनीपासून झाला, आणि विक्रमगड-जव्हारकडील मोगऱ्याप्रमाणेच येथेही थोड्या जमिनीतून रोख पैसा येऊ शकतो, हे दिसले.

मात्र वाडीचीही एक अट आहे, ती म्हणजे स्वतःची जमीन. शिवाय कुंपण. भात निघाल्यावर शिवारात गुरे मोकळी सोडण्याचा येथे रिवाज आहे. कलमे जगवायची तर तो मोडावा लागतो. ज्याला एकर आहे त्याचा फायदा होतो आणि भूमिहीनाच्या चार शेळ्यांची वाट बंद होते. अहवालांत जगलेल्या कलमांची टक्केवारी येते; बंद झालेल्या वाटेला रकाना नसतो.

परुळेकरांच्या ग्रंथाची मर्यादाही येथेच नोंदवणे न्याय्य होईल. गवताकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कामगार चळवळीची आहे. त्यांच्या कथनाचा भर गवत कापण्याच्या मजुरीवर आहे. ते गवत आदिवासीच्या स्वतःच्या गुरांना मिळावे काय, हा प्रश्न कथनाच्या केंद्रस्थानी येत नाही. मजुरी वाढली, तरी भारा मालकाचाच राहिला. पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसणाऱ्याला मालकीची वाट खुली झाली. परंतु मजुरीने गवत कापणारा हा कूळ नव्हे, म्हणून त्याच्या हाती विळाच उरला. चळवळीच्या भाषेतील ही उणीव आणि कायद्याच्या भाषेतील ही उणीव यांत साम्य आहे. लेखिकेची थोरवी त्यामुळे कमी होत नाही. वेठ चालू असताना चाऱ्याच्या मालकीचा विचार करण्याची उसंत कोणास होती?

२००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क आणि सामूहिक वनसंपत्तीचे व्यवस्थापन ग्रामसभेच्या कक्षेत आणले. कागदावर तरी गवताच्या मालकीचा प्रश्न प्रथमच कापणाऱ्याच्या बाजूने मांडला गेला. तथापि व्यक्तिगत प्लॉटच्या दाव्यांभोवतीच चर्चा फिरते. माळाच्या गवताची कापणी कोणी, केव्हा व कोणासाठी करावी याविषयी ग्रामसभेचा ठराव हा अजून अभ्यासाचा विषय झालेला नाही. त्यातील ‘केव्हा’ला विशेष महत्त्व आहे. फुलोऱ्यात कापलेले गवत अधिक पोषक असते, पण तेव्हा पाऊस चालू असतो, सुकवण्यास छप्पर नसते आणि घरचे सर्व हात भातात गुंतलेले असतात. व्यापाऱ्याला वाळलेले, गठ्ठा बांधून दूर नेता येईल असे गवत हवे असते. म्हणून कापणीची वेळ बाजाराने ठरवली, गुरांच्या पोटाने नव्हे. गावात एक चारा-छप्पर उभारणे हा खर्च संकरित गाय वाटण्यापेक्षा कमी आकर्षक आहे, छायाचित्रातही तो उठून दिसत नाही. पण गाय टिकायची तर ती त्या छपराच्या आधाराने टिकेल.

आपल्या महाविद्यालयांतून होणाऱ्या ग्रामसर्वेक्षणांच्या प्रश्नावल्यांत ‘जनावरांची संख्या’ हा रकाना असतोच. त्याच्या शेजारी ‘मार्चनंतर चारा कोठून येतो व तो कोणाचा’ असा आणखी एक रकाना पुढील वर्षीच्या शिबिरापासून घालता येईल. तो भरून घेणाऱ्या विद्यार्थ्याने त्यापूर्वी परुळेकरांच्या ग्रंथातील गवतकापणीच्या संपाचा भाग वाचलेला असावा, एवढी अपेक्षा.