प्रदूषण मंडळाचे बळ कशात मोजायचे?

पर्यावरणाच्या पुस्तकातील प्रदूषणाचे प्रकरण संपत आले की एक वाक्य बहुधा येतेच : प्रदूषणावर लक्ष ठेवण्यासाठी शासनाने प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले आहे. मुले हे वाक्य पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. गावाबाहेरचा नाला मात्र तसाच काळा वाहत राहतो. अशा वेळी एखादी चौकस मुलगी विचारते, "बाई, मंडळ आहे ना, मग नाला काळा का?"

या प्रश्नाला आपली दोन ठरलेली उत्तरे असतात. एक, अधिकारी लक्ष देत नाहीत. दोन, मंडळाकडे पुरेशी साधने नाहीत. दुसऱ्या उत्तरातूनच 'मंडळाचे सक्षमीकरण' हा शब्द आला आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ बहुधा नवी यंत्रे, नवी इमारत आणि अधिक तपासण्या एवढाच असतो. आम्हांला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. मंडळाचे बळ नेमके कशात आहे आणि ते कुठे गळते, हे थोडे बारकाईने पाहू.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाच्या आधी पाऊल टाकले होते. जलप्रदूषण रोखणारा राज्याचा स्वतःचा कायदा १९६९ सालचा, आणि मंडळाची स्थापना ७ सप्टेंबर १९७० ची. केंद्राचा पाण्याविषयीचा कायदा त्यानंतर १९७४ साली आला, हवेविषयीचा १९८१ साली. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली आणि १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. पुढे घातक कचऱ्याचे नियम (१९८९), रुग्णालयांतील कचऱ्याचे (१९९८), शहरांतील घनकचऱ्याचे (२०००) आणि ई-कचऱ्याचे (२०११) अशी भर पडत गेली. २०१६ साली यांतील बहुतेक नियम नव्याने लिहिले गेले. प्रत्येक नियमासोबत परवानगी देणे, तपासणी करणे आणि अहवाल पाठवणे ही कामे राज्य मंडळांच्याच वाट्याला आली.

कामे अशी वाढली, पण माणसे त्या प्रमाणात वाढली नाहीत. २०२४ च्या सुमारास देशभरातील राज्य मंडळांच्या मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिक्त होती. ज्या शाळेत निम्मे शिक्षक नाहीत, तिथे नवा संगणक कक्ष उघडून काय साधेल, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

एका नमुन्याचा प्रवास

मंडळाचे मूळ काम मोजण्याचे आहे. सांडपाणी किती घाण आहे, हे ठरवण्याची सर्वांत परिचित कसोटी म्हणजे जैविक प्राणवायूची मागणी. पाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, हे ती सांगते. जुन्या पुस्तकांत ही चाचणी २० अंश सेल्सिअसला पाच दिवसांची दिलेली असते. आपल्याकडील उष्ण हवामान लक्षात घेऊन आता ती २७ अंशांना तीन दिवस करतात. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरला ३० मिलिग्रॅम. २७ अंशांच्या स्वच्छ पाण्यात मुळात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळलेला असतो, हे ध्यानात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो. मर्यादा पाळणारे सांडपाणीही नदीत पुरेसे पाणी असेल तरच निभावते. शहराचे प्रक्रिया न केलेले मैलापाणी तर सहज २०० च्या पुढे असते. ते उन्हाळ्यातल्या आटलेल्या नदीत शिरले की मासे तडफडणारच.

आता हा नमुना घ्यायचा कसा? बाटली बुडवली आणि झाले, असे नाही. १९७४ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे अधिकाऱ्याने कारखानदाराला तिथेच नोटीस द्यायची, नमुना त्याच्यासमोर दोन भागांत विभागायचा, बाटल्या मोहोरबंद करून त्यांवर सह्या घ्यायच्या. कारखानदाराने मागणी केली तर दुसरा भाग शासनाने नेमलेल्या वेगळ्या प्रयोगशाळेकडे जातो. ही रीत पाळली नाही, तर त्या तपासणीचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. शिवाय बाटलीतले जिवाणू आपल्यासाठी थांबत नाहीत. नमुना थंड ठेवून शक्यतो चोवीस तासांच्या आत चाचणी सुरू करावी लागते. त्यानंतरचे तीन दिवस ठरलेलेच.

अधिकारी, वाहन, बर्फाची पेटी, प्रयोगशाळा, रसायनतज्ज्ञ, अहवाल आणि त्यावर निर्णय घेणारा वरिष्ठ अशी ही साखळी आहे. यांतली एक कडी तुटली तरी बाकीच्या कड्यांचा खर्च वाया जातो. सक्षमीकरणाच्या योजना मात्र एकेका कडीचा विचार करतात. प्रयोगशाळेला महागडे यंत्र मिळते, आणि तिथवर वेळेत नमुना आणणारा माणूसच नसतो. कारखान्यांच्या चिमण्यांवर आणि सांडपाण्याच्या नळांवर अखंड मोजणारी यंत्रे बसवण्याचे आदेश केंद्रीय मंडळाने २०१४ साली जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना दिले. कल्पना चांगली आहे. परंतु यंत्राचा आकडा खरा राहण्यासाठी ते ठरावीक काळाने प्रमाणित करावे लागते, आणि हे काम पुन्हा प्रशिक्षित माणसाचेच. वर्गातला तराजूही आपण अधूनमधून वजने ठेवून तपासतो, तसेच हे.

परीक्षकाचे मानधन कोण देतो?

'अधिक तपासण्या करा' या मागणीबद्दल एक महत्त्वाचा प्रयोग गुजरातमध्ये झाला आहे. एस्थर डुफ्लो, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी तो तेथील प्रदूषण मंडळाच्या सहकार्याने केला. गुजरातमध्ये अनेक कारखान्यांना दरवर्षी खासगी लेखापरीक्षकाकडून प्रदूषणाची तपासणी करून घ्यावी लागे. हा परीक्षक कारखानाच निवडी आणि त्याचे पैसेही कारखानाच देई. धुराड्यातून निघणाऱ्या धूलिकणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम होती. परीक्षकांच्या अहवालांत असंख्य आकडे या १५० च्या किंचित खाली येऊन थांबलेले दिसत. प्रत्यक्षात मोजले तर कितीतरी कारखाने मर्यादेच्या वर होते.

संशोधकांनी काही कारखान्यांसाठी पद्धत बदलली. परीक्षक चिठ्ठी टाकून नेमले, त्यांचे ठरावीक मानधन एका सामाईक निधीतून दिले आणि त्यांच्या काही मोजमापांची फेरतपासणी केली. पुढे अचूकतेसाठी वाढीव मानधनही ठेवले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मर्यादा ओलांडलेला आकडा मर्यादेत दाखवण्याचा प्रकार सुमारे ८० टक्क्यांनी घटला. एवढेच नव्हे, तर त्या कारखान्यांनी आपले प्रदूषणही कमी केले. ज्याचा पेपर तपासायचा तोच परीक्षकाची निवड करून मानधन देऊ लागला तर निकाल कसा लागेल, हे शिक्षकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

याच संशोधकांचा दुसरा प्रयोग आम्हांला अधिक बोलका वाटतो. त्यांनी काही कारखान्यांच्या सरकारी तपासण्यांची संख्या दुपटीहून वाढवली. प्रदूषण मात्र फारसे घटले नाही. कारण वाढीव भेटी सरसकट झाल्या. मंडळाचे अनुभवी अधिकारी आपल्या मर्जीने जात, तेव्हा ते सर्वांत वाईट कारखाने हेरून जात असत. मोठी शिक्षाही फक्त अतिरेक करणाऱ्यांनाच होई. थोडी मर्यादा ओलांडणाऱ्याला दहा वेळा भेट देऊनही काही होणार नसेल, तर अकरावी भेट त्याला का घाबरवील? म्हणून तपासण्यांची संख्या हा मंडळाच्या बळाचा पुरावा मानता येत नाही. खरे मोजमाप आणि त्यामागोमाग येणारा परिणाम, या दोन्ही गोष्टी लागतात.

छडी आणि कुलूप

परिणामाची बाजू फार काळ लंगडी राहिली. पाण्याच्या कायद्यात तुरुंगवासाची तरतूद होती, पण त्यासाठी फौजदारी खटला चालवावा लागे आणि तो वर्षानुवर्षे लांबे. १९८८ च्या दुरुस्तीने मंडळाला कारखाना बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे अधिकार मिळाले. हे हत्यार मोठे आहे. ते उगारले की शेकडो कामगारांची रोजी जाते, म्हणून ते क्वचितच वापरले जाते. वर्गात फक्त दोनच शिक्षा असाव्यात, शाळेतून काढून टाकणे किंवा दहा वर्षांनी पालकांना पत्र, तशी ही स्थिती होती.

२०२४ च्या दुरुस्तीने अनेक गुन्ह्यांसाठी तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. ही दुरुस्ती राज्यांनी ठराव करून स्वीकारायची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण मंडळांना पर्यावरणाच्या हानीची भरपाई वसूल करण्याचा अधिकार आहे, असा निर्णय दिला. मधल्या पायऱ्या तयार झाल्या, हे आम्हांला योग्य वाटते. मात्र मोठ्या उद्योगाला १५ लाखांचा दंड हा प्रक्रिया प्रकल्प चालवण्यापेक्षा स्वस्त वाटू लागला, तर तो दंड न राहता प्रदूषणाचे भाडे होईल. दंड चुकवण्यापेक्षा पाणी शुद्ध करणे स्वस्त पडले पाहिजे, हा साधा हिशोब आठवीच्या मुलांनाही मांडता येईल.

नगरपालिकेला कुलूप कसे लावणार?

सर्वांत अवघड प्रश्न कारखान्यांचा नाही. आपल्या नद्यांत मोठा वाटा शहरांच्या मैलापाण्याचा आहे. कोल्हापूरची पंचगंगा पाहा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या संगमातून ती होते, कोल्हापूरचे नाले पोटात घेते, पुढे इचलकरंजीजवळून जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वरच्या शहराचे सांडपाणी हे खालच्या शहराचे पिण्याचे पाणी होते. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. अशी साथ पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्याने पसरते. प्राणवायूच्या मागणीचा आकडा आणि एखाद्या घरातले आजारपण यांचा संबंध इतका जवळचा आहे.

इथे मंडळ काय करू शकते? ते नोटीस देते, खटला भरते, भरपाई मागते. पण नगरपालिकेची वीज तोडता येत नाही आणि शहराचे मैलापाणी बंदही करता येत नाही. कचऱ्याचेही तसेच. मुंबईतील देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिला लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला, तेव्हा कचऱ्याचे नियम येऊन पंधरा वर्षे झाली होती. शिवाय मंडळाचा अध्यक्ष नेमते राज्य शासन, आणि नगरपालिकाही अनुदानासाठी त्याच शासनाकडे पाहते. भरपाईची रक्कम एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात जाते, आणि मूळ पैसा करदात्याचाच असतो. अध्यक्ष व सदस्यांच्या पात्रतेचे नियम सहा महिन्यांत करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१७ साली राज्यांना सांगावे लागले, यावरूनच आधीची परिस्थिती कळते.

आमचा रोख क्षेत्र अधिकाऱ्यावर नाही. एका अधिकाऱ्याकडे शेकडो कारखाने, रुग्णालये, नगरपालिका आणि तक्रारी असतील, तर त्याने जे केले ते कमी का, असे विचारण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही. प्रश्न त्याला बळ देणाऱ्या व्यवस्थेचा आहे. सक्षमीकरणाची कोणतीही योजना पुढे आली की आम्ही चार प्रश्न विचारू. रिक्त पदे भरली का? मोजणाऱ्याचा पगार मोजल्या जाणाऱ्याच्या हातात तर नाही ना? चुकीला तिच्या आकाराएवढा आणि वेळेवर दंड होतो का? आणि मोजलेले आकडे लोकांना दिसतात का?

चौथ्या प्रश्नावर महाराष्ट्रात एक चांगली सुरुवात झाली. जून २०१७ मध्ये राज्य मंडळाने कारखान्यांना धुरातील धूलिकणांनुसार एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करण्यास सुरुवात केली. पण ताऱ्यांची किंमत त्यांमागच्या मोजमापाएवढीच असते, हे विसरून चालणार नाही.

वर्गात काय करता येईल?

पाण्याच्या कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे मंडळाने दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते, आणि सांडपाण्याचा त्रास ज्यांना होतो त्यांना ती पाहता येते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी जवळच्या उपप्रादेशिक कार्यालयात शिक्षकांसोबत जाऊन ती पाहावी. ४९ व्या कलमानुसार नागरिकालाही मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात तक्रार करता येते, हेही त्यांना माहीत असावे.

प्रयोगशाळेत एक सोपा प्रयोग करा. काचेच्या बूच असलेल्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत नळाचे पाणी आणि दुसरीत नाल्याचे पाणी काठोकाठ भरा. दोन्हींत मिथिलीन ब्लूचे सारखेच थेंब टाका, आत हवा राहणार नाही अशी बुचे बसवा आणि बाटल्या अंधारात ठेवा. पाण्यातील प्राणवायू संपला की निळा रंग जातो. कोणत्या बाटलीतला रंग किती वेळात गेला, ते लिहून ठेवा. नाल्याचे पाणी शिक्षकांनीच हातमोजे घालून भरावे, आणि नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

रंग गेलेली ती बाटली हातात घेऊन मग पुस्तकातले ते वाक्य पुन्हा वाचा, आणि मुलांना पुढचा प्रश्न विचारू द्या.